मागच्या खोलीतलं स्वयंपाकघर

रविवार, २३ मे १९९९. दुपारची जेवणं आटोपल्यावर, चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. हजर: माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, माझे यजमान, धाकटे दीर, जाऊ, मी, आणि दिरांची मुलगी, जिच्यासाठी ही बैठक होती. गैरहजर कुणी नाही.

मी एका सरकारी कारखान्याच्या भांडार विभागात काम करते. काय आलं, काय गेलं, काय शिल्लक आहे, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून घरातल्या गोष्टीही मी अशाच मांडते. त्या दिवशी विषय एकच होता. मंगळवारी मुलीची मुलाखत होती. दिल्लीच्या एका संस्थेनं सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला होता, शिष्यवृत्तीसकट. तिथली माणसं बंगळुरात येऊन मुलं निवडणार होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता मुलाखतीत निभावलं तर दिल्ली, नाहीतर जूनपासून दिरांनी ठरवलेला कॉम्प्युटरचा क्लास. मुलाखत कशी देतात हे तिला ठाऊक नव्हतं, आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. तरी आम्ही पाच जण ओळीनं बसून तिची परीक्षा घ्यायला सज्ज झालो होतो.

अप्पा अध्यक्ष. त्यांनी धोतरावर कोट चढवला होता, तोही मे महिन्यात.

"कोट कशाला, अज्जा?"

"अध्यक्ष आहे मी. आणि तू बसलीस कशी? बस म्हटल्यावर बसायचं."

ती पुन्हा उभी राहिली.

"बस. आता सांग, तहसीलदार आणि शिरस्तेदार यांच्यात फरक काय?"

"असलं नाही हो विचारत तिथं."

"का नाही विचारत? तुमची धोरणं बिरणं दिल्लीत ठरतात. राबवतो कोण? शिरस्तेदार!" अप्पा स्वतः तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. "लिहून घे. उपयोगी पडेल."

दीर म्हणाले, "अप्पा, स्वल्प थांबा. मला विचारू द्या. काय गं, सगळं जग कॉम्प्युटर शिकतंय. तुझ्या मैत्रिणी शिकतायत. तुलाच हे धोरण कुठून सुचलं?"

"बाबा, हा प्रश्न तुम्ही रोजच विचारता."

"रोज बाप म्हणून विचारतो. आज परीक्षक म्हणून विचारतोय. उत्तर दे."

दीर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पहाटे होसूर रोडची बस पकडतात आणि परत येतात ते यंत्राच्या तेलाचा वास घेऊन. मुलीनं दिल्लीला जाऊ नये असं त्यांना वाटत नव्हतं. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीच्या मागे ती जातेय, एवढीच त्यांची काळजी होती. माझे यजमान नेहमीप्रमाणे गप्प. ते बँकेत असतात. तिथं दिवसभर इतकं बोलावं लागतं, की घरी शब्द उरत नाहीत.

मुलीनं उत्तर दिलं. विकासाची प्रक्रिया, तळागाळातला माणूस, शासनाची जबाबदारी. वाक्यं चांगली होती, आणि सगळी कुठूनतरी आणलेली होती.

"हे तू वाचलंयस," मी म्हणाले. "तुला काय वाटतं ते सांग. कुणीतरी विचारलं, तू इथं का आलीस, तर खरं काय सांगशील?"

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "दोड्डम्मा, खरं सांगू? खरं कारण म्हणजे आपला गॅस."

---

मधे थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या सासरचे लोक या मुलखात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी आले. घोड्यावरून आले आणि कारकुनीवर उतरले, असं अप्पाच म्हणतात. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आहे. मी बेळगावची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "स्वल्प मीठ कमी पडलंय" म्हटलं आणि मला वाटलं, निदान भाषेची तरी अडचण येणार नाही. सासूबाई लवकर गेल्या. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मग जाऊ आली, ती इथलीच, काटनपेटेतल्या अशाच एका जुन्या घरातली. ती मला अक्का म्हणते. तिला ही एकच मुलगी, जी मला दोड्डम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणते. मला मूल नाही. हे एकदा सांगितलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

मुलगी कन्नड शाळेत गेली. मराठी लिहायला मी शिकवलं, अर्ज लिहायला अप्पांनी. संध्याकाळी मी कारखान्यातून आले की जेवणाच्या टेबलाशी ती माझ्याजवळ बसायची आणि मी तिला माझ्या कामातल्या युक्त्या सांगायची. उदाहरणार्थ, साठा मोजायचा असेल तर वहीत काय लिहिलंय ते आधी बघायचं नाही. आधी मांडणीजवळ जायचं, डोळ्यांनी पाहायचं, मग वही उघडायची. तिला हे फार आवडलं होतं. शाळेत असताना एका उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तेव्हा ती आमच्या रस्त्यावर घरोघर जाऊन विचारून आली, तुमच्याकडे पाणी कधी येतं, किती वेळ राहतं. रकाने मी आखून दिले. उताराकडच्या घरांना पाणी पोहोचेपर्यंत वरच्या घरांचे सम्प, म्हणजे जमिनीखालचे हौद, भरून झालेले असतात, हे त्यातून दिसत होतं. अप्पांनी तिच्याकडून रीतसर अर्ज लिहून घेतला आणि नातीला घेऊन पाण्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी दोघांना चहा पाजला, अर्ज वाचून "छान अक्षर आहे" म्हणाले. पाणी होतं तसंच येत राहिलं. घरी आल्यावर ती रडली नाही. मला म्हणाली, "दोड्डम्मा, त्यांनी रकाने पाहिलेच नाहीत. पुढच्या वेळी अर्ज छोटा करायचा आणि रकाने वर घ्यायचे."

आता गॅस. ही गोष्ट १९९१ मधली. आखातात युद्ध पेटलं होतं, आणि आमच्याकडे सहा माणसांत एक सिलिंडर. तो संपला की नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. तोवर रॉकेलचा स्टोव्ह. रॉकेल रेशनवर, रेशनची रांग माझ्या नाहीतर जावेच्या वाट्याला. दुसरं कनेक्शन मिळेना, कारण एका घराला एकच. तेव्हा अप्पांनी त्यांच्या कचेरीतल्या सवयीनं नियम नीट वाचला. घर म्हणजे छप्पर नव्हे, घर म्हणजे स्वयंपाकघर. एकाच छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असतील, तर ती दोन घरं धरतात.

"मग वेगळे व्हा," अप्पा म्हणाले. "कागदावर. सिलिंडर आला की पुन्हा एक."

वेगळी चूल मांडली हे शब्द आपल्याकडे भांडणाच्या शेवटी येतात. आमच्याकडे भांडण झालंच नाही. जेवताना हसत हसत ठरलं. रेशन कार्ड वेगळं केलं, अर्ज दिला, आणि एजन्सीचा माणूस पाहणीला येणार म्हणून मागची सामानाची खोली रिकामी केली. तिथं काय काय असायला हवं याची यादी मी केली: ओटा, स्टोव्ह, पोळपाट, मसाल्याचा डबा, पाण्याचा हंडा, भिंतीला तेलाचे डाग. शेवटची वस्तू यादीत लिहिली खरी, पण ती कुठून आणायची? कोरी भिंत पाहून कुणीही ओळखलं असतं. म्हणून जाऊ सकाळचं काहीतरी तिकडे करायला लागली. नुसती फोडणी तरी.

माणूस लवकर आलाच नाही. महिने गेले. सकाळच्या न्याहारीपाठोपाठ दिरांचा डबाही तिकडे व्हायला लागला, कारण त्यांची बस पहाटेची आणि माझी उठायची वेळ उशिराची. शेवटी एके दिवशी तो आला तेव्हा तिथली भिंत चांगली तेलकट झालेली होती. त्यानं दोन्हीकडे डोकावून पाहिलं, माझे डबे पाहिले, जावेचे डबे पाहिले. जाता जाता दारात उभ्या असलेल्या मुलीला कन्नडमध्ये विचारलं, "तू कुठं जेवतेस?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली.

दिरांनी कपाळाला हात लावला. तो माणूस मात्र हसला, "मग सगळ्यात नशीबवान तूच," म्हणाला आणि गेला. सिलिंडर आला. दारात उतरवला तेव्हा सगळे जमलो होतो. आता पुन्हा एक व्हायचं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. यजमान म्हणाले, तो परत तपासायला आला तर? म्हणून थोडे दिवस थांबायचं ठरलं. मग ते कुणी काढलंच नाही. सणावाराला एकत्र, एरवी दोन. मुलगी सकाळी आईकडे जेवायची, रात्री माझ्याकडे. अप्पा ज्या बाजूनं चांगला वास येईल त्या बाजूला.

मी हे सगळं आपसूक झालेलं नुकसान म्हणून मनात धरलं होतं. कुणाचा दोष नाही, पण नुकसान. रात्रीच्या जेवणाला माझ्या टेबलाशी सहाऐवजी तीन किंवा चार माणसं असायची, आणि उरलेला भात पाहिला की मला ते जाणवायचं.

---

तर त्या रविवारी मुलीनं हीच गोष्ट सांगितली. छान सांगितली. एक नियम कुणीतरी दूर बसून करतो, घर म्हणजे एक स्वयंपाकघर असं ठरवतो, आणि एक एकत्र घर तो नियम पाळण्यासाठी खोटं खोटं वेगळं होतं, आणि मग ते खोटं खरं होऊन बसतं. नियम करणाऱ्याला हे कधी कळतच नाही. "मला ते कळून घ्यायचंय," ती म्हणाली. "नियम घरात शिरल्यावर काय करतो ते."

अप्पा कोटाची बटणं काढत म्हणाले, "शाभास! हे सांग. शिरस्तेदार राहू दे."

दीर म्हणाले, "सांग कसलं? सरकारी माणसं असतील तिथं. आम्ही खोटं दाखवून कनेक्शन घेतलं हे त्यांच्या तोंडावर सांगणार? काढून नेतील की!"

"बाबा, ते गॅसवाले नाहीत."

"सगळे एकमेकांना ओळखतात."

यजमान त्या दुपारी पहिल्यांदाच बोलले. "आता खोटं कुठं राहिलंय? वेगळंच तर शिजतंय."

सगळे हसले. जाऊ मात्र उठली, चहाचे कप गोळा केले आणि आत गेली. तशी ती नेहमीच जाते. पण मागच्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं. ते दार आम्ही दिवसा लावत नाही.

मुलगी मागोमाग गेली आणि लगेच परत आली. चेहरा उतरलेला.

"आई म्हणते, हे सांगायचं असेल तर जाऊच नकोस."

"का?"

"सांगत नाही. एवढंच म्हणते, घरातलं चव्हाट्यावर नको. मी दुसरं काहीतरी सांगेन, दोड्डम्मा. ते विकासाचंच सांगेन."

विकासाचं सांगून तिला कुणी घेणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही. दिल्लीची ती जागा आमच्या डोळ्यांदेखत हातातून सुटत होती. पण आईला दुखवून ती काही बोलणार नाही, हेही तितकंच पक्कं होतं. तिचा स्वभावच तसा आहे. दोन स्वयंपाकघरांत वाढलेल्या पोरीला कुणाचंच मन मोडणं जमत नाही; एकीकडे पोट भरलं तरी दुसरीकडे दोन घास खाणारच.

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मागे गेले. दार ढकललं. जाऊ ओट्यापाशी पाठ करून उभी होती. कप धुऊन झालेले होते, तरी ती धूतच होती.

"काय झालं गं? दिरांसारखं तुलाही गॅसवाल्यांचं भय वाटतंय?"

"नाही अक्का. तुम्ही बसा बाहेर. मी येते."

"सांगितल्याशिवाय मी जात नाही." तिथं एक लाकडी स्टूल होतं, त्यावर मी बसले.

ती वळली. डोळे कोरडे होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. "तिनं काय सांगितलं बाहेर? खोटं खोटं स्वयंपाकघर. खोटं तुम्हाला. मला ते पहिल्या दिवसापासून खरं होतं."

तिनं हातातला कप पालथा घातला.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, अक्का. तूरडाळ. हरभराडाळ. तांदूळ रोजचा. तांदूळ सणाचा. मी काही हलवलं की तुम्ही न बोलता परत जागेवर ठेवायच्या. कधी रागावला नाहीत. रागावला असता तर मी भांडले तरी असते."

"मी आपलं..."

"तुम्ही चांगल्याच होता. तेच तर. मला माहेरहून दिलेली भांडी ट्रंकेतच होती तोवर. तुमच्याकडे सगळं होतं, माझं कुठं ठेवणार? तुम्ही त्या दाखवायच्या वस्तूंची यादी केली ना, तेव्हा मी ट्रंक उघडली. तुम्हाला वाटलं, पाहणीसाठी काढली."

खरंच मला तसंच वाटलं होतं. बरं झालं, नवी आणावी लागली नाहीत, असंही मी तेव्हा म्हणाले असेन.

"सारात हिंग किती घालायचं हे मी या खोलीत पहिल्यांदा माझं मी ठरवलं. हसू नका."

"हसत नाहीये."

"तो माणूस उशिरा यावा म्हणून मी नवस बोलले होते. आणि ही आता दिल्लीच्या लोकांना सांगणार, नियमानं आमचं घर फोडलं. कुणाचं फोडलं? माझं तर तेव्हा झालं."

हे ऐकून मला कसं वाटलं ते मला नीट मांडता येत नाही. वाईट वाटलं हे खरं. पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून स्वयंपाक करत होतो, ताटल्या इकडून तिकडे जात होत्या, आणि एकाच गोष्टीकडे मी एका बाजूनं बघत होते, ती दुसऱ्या. साठा मोजायला मांडणीजवळ जायचं असं मी त्या पोरीला शिकवत होते. मी स्वतः या खोलीत कधी येऊन बसले नव्हते. त्या दिवशी स्टुलावर बसल्यावर दिसलं, तिच्या एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती.

"तुला कसं कळतं गं, कशात काय आहे?"

"वासानं," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी हसलो. कारण ते खोटं होतं. सगळे डबे काचेचे होते.

दाराबाहेर सावली हलली.

"आत ये," मी म्हटलं. "चोरून ऐकायचं वय गेलं तुझं."

मुलगी आत आली आणि आईसमोर जमिनीवर बसली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गणिताचं उत्तर बरोबर आलं असं समजून वही मिटल्यावर कुणीतरी अर्धं गणित पुढच्या पानावर आहे म्हणून दाखवावं, तसा.

"आई, मी तुला कधी विचारलंच नाही."

"विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं."

"मग आज?"

"आज अक्का आल्या ना विचारायला."

मुलीनं गुडघे जवळ घेतले. मग म्हणाली, "म्हणजे माझी गोष्ट चुकली."

"चुकली नाही," मी म्हणाले. "अर्धी आहे. माझ्या बाजूची तेवढी आहे, कारण तू संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसायचीस."

"नियम तोच," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एकीला तोटा, दुसरीला... आई, मी दोन्ही सांगितलं तर? नाही सांगू म्हणालीस तर नाही सांगणार. खरंच."

जावेनं पदरानं हात पुसले. एव्हाना ते वाळूनही गेले होते.

"सांग. पण दोन्ही सांग. आणि माझी बाजू रडकी करून सांगू नकोस. मी काही बिचारी नाहीये."

"सरी, तसंच सांगेन."

"आणि ते हिंगाचं सांगू नकोस."

"हिंगाचं तर आधी सांगणार," मुलगी म्हणाली, आणि आईनं तिला ओल्या फडक्यानं मारलं.

---

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी रजा टाकली हे बघून जाऊ म्हणाली, मग मीही येते. एका रिक्षात तिघी. मुलाखत ज्या कॉलेजात होती त्याच्या आवारात गुलमोहर फुललेला होता. त्याच्याखालच्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसलो आणि मुलगी आत गेली. जावेनं डब्यात चित्रान्न आणलं होतं. मीही आणलं होतं. दोघींनी एकमेकींचं खाल्लं आणि दोघींनीही "छान झालंय" म्हटलं.

बाहेर आली तेव्हा मुलगी घामानं भिजलेली होती.

"काय विचारलं?" दोघींनी एकदम विचारलं.

"गॅसचं सांगितलं. दोन्ही सांगितलं. एक सर म्हणाले, मग हा नियम चांगला की वाईट?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कुणाच्या ओट्यापाशी उभं राहून विचारता त्यावर आहे. मग एक मॅडम म्हणाल्या, नियम करताना तुझ्या घरातल्या या दोघींना कुणी विचारलं होतं का? मी म्हटलं, नियम करणाऱ्यांनी नाही विचारलं. घरातल्यांनीही नाही. मी सुद्धा नाही, परवाच्या रविवारपर्यंत."

"आणि मग?"

"त्या हसल्या. लिहून घेतलं काहीतरी."

"हसल्या म्हणजे चांगलं की वाईट?" जावेनं मला विचारलं, जणू मी रोज मुलाखती घेते.

निकाल जूनमध्ये आला. तिची निवड झाली होती. दिरांनी बोम्मसंद्र्याला पेढे नेले. तिथं कुणीतरी विचारलं, मुलगी काय शिकायला चालली आहे? दिरांनी सांगितलं, "नियम घरात शिरल्यावर काय करतो ते." मला हे त्यांनी स्वतः येऊन सांगितलं आणि वर विचारलं, "वहिनी, बरोबर सांगितलं ना?" अप्पांनी कोट इस्त्रीला दिला, स्टेशनवर घालायला. यजमानांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "बरं झालं" म्हटलं, ही त्यांच्या मानानं मोठीच घोषणा.

सामान बांधायला आम्ही दोघी एकत्र बसलो. माझी यादी होती. जावेकडे यादी नव्हती, तरी तिनं भरलेल्या पिशवीत माझ्या यादीतली एकही गोष्ट राहिलेली नव्हती, आणि दोन गोष्टी जास्त होत्या. मी यादी घडी करून ठेवून दिली. जुलैत ती गेली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिनं दोन्ही हात बाहेर काढले. एक जावेनं धरला, एक मी, आणि गाडीबरोबर थोडं चालून दोघींनी एकदमच सोडला. मग आम्ही घरी आलो, आणि दोन स्वयंपाकघरांत दोन स्वयंपाक केले. एक व्हायचं का, असं कुणी विचारलं नाही. मी मुद्दामच विचारलं नाही. आता मला ठाऊक होतं.

फरक एवढाच पडला, की आता रात्री जेवण झालं की मी मागच्या खोलीत जाऊन त्या स्टुलावर बसते. जाऊ भांडी आवरते, मी निवडणं टिपणं करते. माझ्या ओट्यावर मला कुणी मधे आलेलं चालत नाही, पण तिच्या ओट्यापाशी नुसतं बसायला मला फार बरं वाटतं. ती काही हलवू देत नाही, आणि तेच बरं आहे.

परवा दिल्लीहून पत्र आलं. त्यांच्या वर्गाला पहिलं काम दिलंय: एखादा नियम एका घरात कसा आला, ते त्या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून लिहून आणायचं. तिनं ते काम सरळ आमच्यावर टाकलं आहे. अप्पांनी आपलं लगेच लिहून दिलं, कन्नडमध्ये, विषय आणि संदर्भ घालून, खाली सही. दिरांनी पंधरा ओळींत आटोपलं. यजमानांनी तीन ओळी लिहिल्या, त्या मात्र फार चांगल्या आहेत. माझं हे असं लांबलं.

जाऊ लिहायला तयार नाही. "माझं अक्षर वाईट आहे. मी सांगते, अक्का, तुम्ही लिहा," म्हणाली. म्हणून मी कागद घेऊन दोनदा बसले. पहिल्यांदा ती आपल्याच लग्नातल्या जेवणाची गोष्ट सांगत बसली, दुसऱ्यांदा मिक्सर बिघडला. पहिल्या दिवशी, त्या खोलीत एकटी असताना, तिनं सगळ्यात आधी काय शिजवलं, हे मला विचारायचं आहे. ते आम्हा कुणालाच माहीत नाही. मुलीलाही नाही. विचारलं की ती म्हणते, "सांगेन की. घाई काय आहे?"

घाई आहे. पोस्टात सोमवारी टाकायला हवं. बाकी सगळ्यांचे कागद टाचून तयार आहेत. जावेचं सांगणं लिहून घ्यायचं अजून राहिलं आहे.